दोघांनी, तीन दिवसांत बँकॉक: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ठाण्यात आमच्या खिडकीसमोर दहीहंडीचा मंच बांधतात. २०२५ साली पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला आणि हंडी शनिवारी. "यंदा काही झालं तरी त्या डीजेच्या तोंडी सापडायचं नाही," एवढ्या एका कारणावर आम्ही बँकॉक ठरवलं. गुरुवारी रात्री विमान, शुक्र-शनि-रवि तिथे, रविवारी रात्री परत आणि सोमवारी कामावर. मी पन्नाशीची. आमचे हे पंचावन्नचे, माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. त्यात श्रावण, म्हणजे एरवी सुरमईसाठी जीव टाकणारी मीही शाकाहारी.

परत आल्यापासून निम्म्या सोसायटीने मला तेच ते प्रश्न विचारले. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. पट्टाया, फुकेत यात नाही. फक्त बँकॉक, आणि तेही ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे आणि गुडघे तितकेसे तरुण राहिलेले नाहीत अशा जोडप्यांसाठी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बँकॉकची कोंडी रस्त्यावर आहे. रुळांवर आणि पाण्यावरही गर्दी असते, पण ती हलते. पुढचं सगळं यावरच बेतलंय.

१. तिकीट काढण्याआधी: व्हिसा आणि कागद

भारतीयांसाठी थायलंडचे नियम गेल्या काही वर्षांत सारखे बदलले. आधी विमानतळावर रांगेत उभं राहून व्हिसा घ्यावा लागे. नोव्हेंबर २०२३ पासून तीस दिवसांसाठी व्हिसा माफ झाला, जुलै २०२४ पासून साठ दिवसांसाठी. आम्ही त्या साठ दिवसांच्या सवलतीत गेलो. तुम्ही जाल तेव्हा काय असेल ते मेहुण्याला किंवा व्हॉट्सॲपला विचारू नका. तिकिटाचे पैसे भरण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. मुंबईतही त्यांची वकिलात आहे.

विमानातल्या जुन्या कागदी फॉर्मच्या जागी १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड आलं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं. पहिला सापळा इथेच आहे: हे कार्ड पूर्ण फुकट आहे. शोधायला गेलात की हुबेहूब सरकारी दिसणारी पानं वर येतात आणि माणशी काही डॉलर मागतात. खऱ्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गो डॉट टीएच' असतं. पैसे मागितले की पान बंद करा. भरून झाल्यावर क्यूआर कोड येतो. तो मोबाइलमध्ये ठेवाच, पण छापूनही घ्या.

सोबत न्यायचे कागद:

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत उरलेला
- परतीचं तिकीट, छापलेलं
- हॉटेलचं बुकिंग, त्यावर दोघांचीही नावं. आमच्या बुकिंगवर आधी फक्त यांचंच नाव होतं, मी दुरुस्त करून घेतलं
- अरायव्हल कार्डाचा क्यूआर कोड, दोघांचा वेगवेगळा
- प्रवास विमा
- रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह
- थोडी परकी रोकड. इमिग्रेशनवाले पैसे दाखवा म्हणू शकतात

ही फाइल दोघांपैकी एकाच्याच खांद्यावर नको. पासपोर्टांच्या झेरॉक्स एकमेकांच्या सॅकमध्ये ठेवा.

२. हॉटेल: खोली बघू नका, स्टेशन बघा

बहुतेक जण नकाशावर राजवाड्याजवळचं हॉटेल शोधतात. मीही तेच करत होते. पण राजवाड्याभोवतीच्या जुन्या शहरात रेल्वे फारशी पोचलेली नाही, मग प्रत्येक वेळी टॅक्सी आणि प्रत्येक वेळी तुंबलेला रस्ता. आम्ही फया थाई स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर राहिलो. विमानतळावरून येणारी रेल्वे तिथेच संपते आणि शहरातली वरून धावणारी गाडी, म्हणजे बीटीएस, तिथेच मिळते. खोली एवढीशी होती. बॅग उघडली की दोघांपैकी एकाने पलंगावर बसायचं. पण तीन दिवसांत खोलीत राहतंय कोण!

सकाळी पोचलात तरी खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही. बॅगा हॉटेलात ठेवून घेतात, त्याचे पैसे घेत नाहीत. हातातल्या सॅकमध्ये एक कपड्यांचा जोड आणि पंचा वेगळा ठेवा, हॉटेलच्या तळमजल्यावर तोंड धुऊन बाहेर पडता येतं. आणि हो, ज्या प्रश्नाची काळजी परदेशी जाताना आपल्याला सगळ्यात जास्त असते आणि जो कोणी उघड विचारत नाही: थायलंडमध्ये कमोडशेजारी पाण्याचा फवारा असतो. निश्चिंत जा.

प्लगचं म्हणाल तर मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर तसाच बसतो. तीन जाड पिनांची इस्त्री वगैरे घरीच ठेवा.

३. पैसे

तिथलं चलन बात. आम्ही गेलो तेव्हा एक बात साधारण पावणेतीन रुपयांना पडला. रुपये नेऊन तिथे बदलू नका, फार मार बसतो. फॉरेक्स कार्ड आणि थोडे कोरे करकरीत डॉलर न्या. नोटेवर पेनाची रेघ किंवा फाटका कोपरा असला तर परत करतात. विमानतळावर सामान घेऊन बाहेर आलात की समोरच मोठी मोठी विनिमय केंद्रं दिसतात. तिथे थांबू नका. सरकत्या जिन्याने थेट तळघरात जा. रेल्वेच्या दारापाशी छोट्या खिडक्या आहेत, त्यांचा दर बराच बरा असतो. एटीएममधून काढाल तर परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बात शुल्क लागतं, म्हणून काढायचे तर एकदमच काढा.

मॉलमध्ये कार्ड चालतं. होडी, हातगाडी, देऊळ, मसाज यांना रोकड. वीस आणि शंभराच्या नोटा जपून ठेवा, हजाराची नोट होडीवाल्या बाईला दिलीत तर ती फक्त तुमच्याकडे बघते.

४. विमानतळावरून शहरात

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. थाई माणूस त्याचा उच्चार 'सुवन्नाफूम' असा करतो, पण पाटी वाचली की आपलं आपल्याला कळतं. मुंबईहून चार-साडेचार तास, घड्याळ दीड तास पुढे करायचं.

तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक सुटते. फया थाई हे शेवटचं, विमानतळ धरून आठवं स्टेशन. भाडं ४५ बात, वेळ अर्ध्या तासाच्या आत. यंत्रात पैसे टाकले की गोल प्लास्टिकचं टोकन येतं. आत जाताना ते टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. मधे हरवू नका. गाडी पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होते आणि मध्यरात्रीपर्यंत असते.

रात्री अवेळी उतरलात किंवा बॅगा जास्त असल्या तरच टॅक्सी. ती तळमजल्यावरच्या अधिकृत रांगेतून घ्या. यंत्रातून चिठ्ठी निघते, त्यावर टॅक्सी कुठल्या क्रमांकाच्या जागेवर उभी आहे ते असतं. मीटरवर विमानतळाचे ५० बात आणि वाटेतला टोल वेगळा द्यावा लागतो, त्यावर वाद घालू नका, तो नियम आहे. मात्र "मीटर नको, पाचशे द्या" म्हणाला की उतरा. शहरातही तेच. आम्हाला एकाने असंच सांगितलं, आम्ही हसून दार लावलं, मागच्याने मुकाट मीटर टाकला.

सिमकार्ड विमानतळावर पासपोर्ट दाखवून मिळतं. आम्ही एकाच फोनवर घेतलं आणि ती चूक होती. का, ते पुढे येतंच.

५. गाड्या, होड्या आणि चुकामूक

बीटीएस वरून धावते, एमआरटी बहुतेक जमिनीखालून. दोन्ही वेगळ्या कंपन्या, तिकिटं वेगळी. एकीचं टोकन दुसरीला चालत नाही, हे गेटपाशी अडल्यावर कळून उपयोग नाही. एमआरटीच्या गेटवर आमचं फॉरेक्स कार्ड नुसतं टेकवून चाललं. बीटीएसला आम्ही यंत्रातून तिकीट काढत राहिलो.

गाडीत कान उघडे ठेवा. अशोक नावाचं स्टेशन आहे. राचथेवी म्हणजे राजदेवी. विजय स्मारकाच्या स्टेशनाचं थाई नाव बाई गोड आवाजात सांगते तेव्हा शेवटी 'जयसमरभूमी'सारखं काहीतरी ऐकू येतं, आणि ते तसंच आहे. शहरालाच ते क्रुंग थेप म्हणतात, थेप म्हणजे देव. शहराचं पूर्ण नाव अख्ख्या श्लोकाएवढं लांब आहे आणि त्यात इंद्र आणि विश्वकर्मा दोघंही आहेत.

आता चुकामूक. शनिवारी सकाळी राजवाड्याला निघालो होतो. फया थाईहून सयाम स्टेशनला यायचं, तिथे गाडी बदलून साफान टाकसिनला जायचं, तिथून होडी. सयामला एकाच फलाटाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या मार्गांच्या गाड्या लागतात. एका बाजूची गाडी नदीकडे, बांग वाच्या दिशेने. दुसऱ्या बाजूची सुखुमवित रस्त्याने केहाकडे. दार उघडलं, गर्दी आत शिरली, तिच्याबरोबर आमचे हे. दादर स्टेशनवर तीस वर्षं घालवलेला माणूस, गर्दी आत गेली की पाय आपोआप आत जातात. मी पाटी वाचत फलाटावरच. "अहो, ही नव्हे!" म्हणेपर्यंत दार लागलं. काचेआडून यांनी मला हात केला, जणू कोणी गावाला निघालंय. फोन माझ्याकडे. सिम एकच.

नशीब, विमानातच आम्ही ठरवून ठेवलं होतं: जो गाडीत गेला त्याने पुढच्याच स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, आणि जो मागे राहिला त्याने पुढच्या गाडीने यायचं. दोघांनी एकमेकांना शोधायला निघायचं नाही. पुढचं स्टेशन चिट लोम. पाच मिनिटांनी मी उतरले तर हे उतरले होते तिथेच, फलाटावरच्या पिवळ्या रेषेमागे, शाळेतल्या पोरासारखे उभे. तुम्हीही हा नियम घरातून निघतानाच ठरवा. आणि सिम दोन घ्या.

होडीबद्दल: साफान टाकसिन स्टेशनाखालीच सातोर्न धक्का आहे. तिथे लोक पुढे येऊन पर्यटकांच्या निळ्या झेंड्याच्या होडीची तिकिटं दाखवतात. ती वाईट नाही, पण महाग आहे. केशरी झेंड्याची होडी विचारा. आम्ही माणशी १६ बात दिले, मग उतरा कुठेही. कामावर जाणारी माणसं, शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या, सगळे तिच्यातच. होडीत भिक्षूंसाठी जागा राखलेली असते. बायकांनी भिक्षूला स्पर्श होऊ द्यायचा नाही, हातात वस्तूही द्यायची नाही. गर्दीत मी एकाच्या शेजारी ढकलली जाणार होते, तर एका थाई आजीने माझा दंड धरून मला आपल्या बाजूला ओढून घेतलं. रागावली नाही, हसली.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांवर राष्ट्रगीत लागतं. सगळे थबकतात, तुम्हीही थबका. संध्याकाळच्या त्या धावपळीत शेकडो माणसं एकदम पुतळ्यासारखी होतात आणि मिनिटभराने पुन्हा चालू लागतात. राजघराण्याबद्दल थट्टेनेही काही बोलू नका, तिथे तो गंभीर गुन्हा आहे.

६. खाणं: माळकऱ्याचं पोट कसं भरलं

"थायलंडला शाकाहारी उपाशी मरतो" हे खोटं आहे. पण "भाज्या आहेत ना, मग झालं" हेही तितकंच खोटं. नुसत्या भाज्यांच्या बशीतही नाम प्ला, म्हणजे माशांचा रस, पडलेला असतो. आपण मीठ घालतो तसा ते तो घालतात. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोलंबी असते, आमटीच्या वाटणात कोलंबीची चटणी. तुम्ही 'नो मीट' म्हणालात तर मांस काढतील, हे राहील. त्यांच्या लेखी त्यात मांस नाहीच.

दोन शब्द पाठ करा. पहिला 'मांगसाविरात'. आपलाच मांसविरत. पण यात अंडं आणि कधी माशांचा रसही येऊ शकतो. दुसरा आणि खरा उपयोगाचा शब्द 'जे'. जे म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आमच्या एकादशीवाल्या घरालाही हे जड वाटेल, इतकं कडक. जेच्या दुकानावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात, आपल्याला ती इंग्रजी सतराच्या आकड्यासारखी दिसतात. त्या पाटीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा. तोंडाने म्हणायचं तर 'किन जे', म्हणजे मी जे खाते. 'माय साय नाम प्ला' म्हणजे माशांचा रस घालू नका. वाक्याच्या शेवटी बायकांनी 'खा' म्हणायचं, पुरुषांनी 'ख्रप'. आमचे हे पहिला दिवसभर माझं ऐकून 'खा' म्हणत होते आणि दुकानदारणी पदराआड हसाव्यात तशा हसत होत्या.

हॉटेलमागच्या गल्लीत असं एक दुकान सापडलं. काचेच्या कपाटात दहा-बारा थाळे, भातावर दोन प्रकार वाढून घ्यायचे. यांनी आत डोकावलं आणि मागे सरकले. एका थाळ्यात चक्क मटणाच्या फोडी, चरबीच्या पांढऱ्या पट्ट्यासकट. "अगं, हे शाकाहारी कसलं?" दुकानदारीणबाईंनी डाव आपटून पाटीकडे बोट केलं. जे. पुन्हा डाव, पुन्हा पाटी. मग एक फोड उचलून दोन बोटांनी चुरून दाखवली, आत सोयाबीनचे धागे. जेच्या दुकानांत असे नकली मांसाचे प्रकार सर्रास असतात. यांनी ते शेवटपर्यंत घेतलं नाही, टोफू आणि भोपळाच खाल्ला. मी घेतलं. बरं होतं. सुरमई नव्हे.

याशिवाय मॉलमधले फूड कोर्ट. पैसे भरून कार्ड घ्यायचं, हव्या त्या काउंटरवर दाखवायचं, उरलेले पैसे त्याच दिवशी परत घ्यायचे. परत घ्यायला विसरतात, तुम्ही विसरू नका. फाहुरात भागात पंजाबी दुकानं आहेत, अगदीच पोळीची आठवण आली तर तिथे जा. कापलेली फळं जागोजागी मिळतात, सोबत मीठ-मिरचीची पुडी. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात श्रावणातही निर्धास्त चालला. पाकिटावरची तारीख बघून दचकू नका: त्यांचं बौद्ध वर्ष आपल्या इसवी सनापुढे ५४३ ने धावतं, म्हणून २०२५ च्या पाकिटावर २५६८ छापलेलं असतं. हे दह्याचा डबा हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

दुकानावर किंवा पाकिटावर हिरव्या गांजाच्या पानाचं चित्र असेल तर तिथली बिस्किटं, गोळ्या, सरबत काहीही घेऊ नका. चुकून बॅगेतून मुंबईला आलं तर इथला कायदा तुमचं काही ऐकून घेणार नाही.

७. राजवाडा, वात फो, वात अरुण: एकाच दिवशी, पण सकाळी

वात म्हणजे बौद्ध देऊळ. तीनही जागा नदीकाठी जवळजवळ. था चांग धक्क्यावर उतरा, राजवाडा साडेआठला उघडतो. आम्ही चुकामुकीपायी नऊला पोचलो, तेवढ्यातही रांग वाढली होती. साडेतीनला तिकीटविक्री बंद. तिकीट ५०० बात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही अर्धी चड्डी चालत नाही. साडी, पंजाबी ड्रेस, साधी पँट, काहीच अडचण नाही.

इथला सापळा जुना आहे आणि अजून चालतो. दाराकडे जाताना नीटनेटका पोशाख केलेला, चांगलं इंग्रजी बोलणारा माणूस अदबीने सांगतो, "आज पूजा आहे, राजवाडा दुपारी उघडेल." तोवर वीस बातमध्ये टुकटुक तुम्हाला चार देवळं दाखवेल म्हणतो. त्या चार देवळांत एक रत्नांचं दुकान असतं आणि एक शिंप्याचं. आम्हाला असे दोघे भेटले. काही बोलू नका, थांबू नका, दारापर्यंत चालत जा. शाही समारंभासाठी राजवाडा कधी कधी खरोखरच बंद असतो, म्हणून आदल्या रात्री त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून ठेवा, म्हणजे मनात किंतू राहत नाही. फसलात किंवा अडलात तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

आत पाचूचा बुद्ध आहे. मूर्ती जेमतेम दोन-सव्वादोन फुटांची, उंचावर, आत फोटो काढायचा नाही. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा राजा स्वतः तिचा पोशाख बदलतो. पंढरपूरला विठोबाचे पोशाख बघणाऱ्या आमच्या ह्यांना हे फार आवडलं. पाय बुद्धाच्या दिशेने पसरून बसू नका, मांडी घाला किंवा पाय मागे दुमडून बसा.

पण बहुतेक लोक मूर्ती बघून निघतात आणि भोवतालच्या ओवऱ्या सोडतात. त्या सोडू नका. भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामायण आहे, त्यांचं रामकियेन. रावण तिथे तोसकान, म्हणजे दशकंठ. हनुमान पांढराशुभ्र. आणि हा हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या सुवर्णमत्स्येशी तो लग्न लावतो. शेजारच्या गटाचा वाटाड्या हे सांगत होता, मी ते भाषांतर करून यांना सांगितलं. हे दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या मारुतीला सांगायचं नाही."

बारापर्यंत बाहेर पडा. ऊन आणि दमटपणा मुंबईचा मे वाटावा असा. वात फो चालत दहा-पंधरा मिनिटं, ३०० बात, त्यात पाण्याची बाटली मिळते. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं. मूर्तीमागे १०८ भांडी ओळीने असतात, प्रत्येकात एक नाणं टाकत जायचं, सगळ्या सभागृहात टिणटिण चालू. पारंपरिक थाई मसाजचं शिक्षणही याच आवारात चालतं. आम्ही पायांचा मसाज मात्र हॉटेलजवळ संध्याकाळी घेतला, तासाला तीनशे बात, आणि तीन दिवसांतला तो सर्वात शहाणपणाचा खर्च.

वात अरुणसाठी था तियेन धक्क्यावरून पलीकडे जाणारी होडी घ्या, पाच बात. तिकीट २०० बात. मनोऱ्यावर चिनी मातीच्या बश्यांचे तुकडे फुलांसारखे बसवलेत, जवळ जाऊन बघा. तीनच्या सुमाराला आभाळ फुटलं आणि आम्ही तासभर एका छपराखाली उभे. ऑगस्टात हे रोजचं आहे, छत्री नव्हे, घडीचा रेनकोट ठेवा. रात्री सनाम चाय स्टेशनातून एमआरटीने दोन स्टेशनं गेलं की वात मांगकोन, तिथे याओवारातचा चिनी बाजार. शाकाहारी माणसाने तो नाक मुठीत धरून एकदा चालून यावा, एवढंच.

८. रविवार: कालव्यातून

हे कुणीच सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. शहराच्या पोटातून सेन सेप नावाचा कालवा जातो आणि त्यात होड्यांची नेहमीची वाहतूक आहे. आमच्या हॉटेलपासून हुआ चांगचा धक्का चालत पंधरा मिनिटं. तिकडून फान फाच्या दिशेची होडी.

होडी धक्क्याला लागते आणि काही सेकंदांतच सुटते. दोरी धरायची, काठावर पाय द्यायचा आणि आत. दोघांनी एकमेकांची वाट बघायची नाही, एक मागोमाग एक. काठाला दोऱ्यांनी बांधलेलं प्लास्टिकचं कापड असतं, पाणी उडालं की बसलेली माणसंच दोरी ओढून ते वर घेतात. माझ्या हातात दोरी आली, समोरची होडी आली, मी बघत बसले. शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवून दोरी खाली खेचली. पाणी काळं आहे, वासही आहे, तोंड मिटून बसा. तिकीट काढणारी मुलगी डोक्यावर हेल्मेट घालून होडीच्या बाहेरच्या बाजूने, बोटभर कडेवरून चालत येते. एका हाताने वरची दोरी, दुसऱ्यात पैसे आणि तिकिटांची गुंडाळी. पूल आला की होडीचं छप्पर खाली येतं आणि ती गुडघे वाकवून तिथेच बसते. पूल गेला की उठून सुट्टे पैसे परत देते. हे म्हणाले, "बेस्टच्या कंडक्टरला दाखवायला हवं."

फान फाला उतरलं की समोर वात साकेतची सोनेरी टेकडी. १०० बात, तीनशेहून अधिक पायऱ्या, पण उतार सौम्य आणि वाटेत घंटा वाजवत जायचं. वरून शहर चहूकडे दिसतं. तिथून चालत वीस मिनिटांवर साओ चिंगचा, लाल रंगाचा उंच झोपाळ्याचा सांगाडा. पूर्वी इथे ब्राह्मणांच्या सोहळ्यात उंच झोके घेत, ते १९३५ साली बंद पडलं. शेजारी पांढऱ्या भिंतीचं छोटं आवार आहे, त्याचं नाव देवस्थान. १७८४ साली बांधलेलं. शंकर, गणपती आणि नारायण यांची तीन मंदिरं. थाई राजघराण्याचे ब्राह्मण पुरोहित आजही इथलेच, त्यांची परंपरा मुळात तमिळ देशाकडची. अंगारकीसारखी रांग नाही, कोणी प्रसाद विकायला अंगावर येत नाही. हे आत हात जोडून बराच वेळ बसले. मी बाहेर बाकावर चपला सांभाळत.

प्रवेशाचा हिशेब सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल: राजवाडा, वात फो, वात अरुण आणि सोनेरी टेकडी मिळून माणशी ११०० बात. दोघांचे २२००, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास.

९. परत निघताना

खोली सकाळी सोडावी लागते, विमान रात्री. बॅगा पुन्हा हॉटेलात ठेवा. फान फाहून परतल्यावर आम्ही घामाने निथळत होतो. हॉटेलवाल्यांना विचारलं तर तळमजल्यावर अंघोळीची छोटी खोली होती, विचारलं नसतं तर कळलं नसतं. बुद्धाच्या जुन्या मूर्ती विकत घेऊ नका, देशाबाहेर न्यायला परवानगी लागते.

रविवारी संध्याकाळी रस्त्यावर टॅक्सीचा भरवसा धरू नका. फया थाईहून तीच रेल्वे, तेच ४५ बात. उड्डाणाआधी तीन तास पोचा. नाणी विमानतळावरच संपवा, इथे कोणी बदलून देत नाही. आमच्याकडे ६३ बात उरले, त्यात एक पाण्याची बाटली आली आणि यांनी बाटलीवरचं वर्षही वाचून दाखवलं.

पासपोर्टचा शिक्का झाला की समोर भलंमोठं समुद्रमंथन आहे. एका बाजूला देव, एका बाजूला दैत्य, मधे वासुकी, वर विष्णू. सगळे तिथे थांबून फोटो काढतात, तुम्हीही काढाल. फक्त आधी तुमचं गेट कुठे आहे ते पाटीवर बघा. आमचं चालत वीस मिनिटांवर होतं, आणि हे देवांच्या बाजूला किती आणि दैत्यांच्या बाजूला किती ते मोजत होते.